चौथा शब्द

ऑक्सफर्ड
रविवार, ४ मे २०२५

प्रिय आई, दादा, वहिनी आणि बेबी,

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण आई पत्र हातात आलं की अगोदर शेवटचं पान उलटून बघते. जेवते, झोपते, वजन आहे तेवढंच आहे. व्हिडिओवर गाल बसल्यासारखे दिसतात ते खिडकीच्या उजेडामुळे. खोकला मार्चमध्येच गेला. वहिनीने पाठवलेलं मेतकूट अजून पुरवून पुरवून खाते आहे, शेंगदाण्याची चटणी मात्र संपली.

रोज फोन असताना पत्र कशाला, असं बेबी म्हणेल. तर परवा रात्री फोनवर पप्पांच्या जाण्याचं निघालं आणि आई म्हणाली, "मीच प्रार्थनेत कमी पडले का गं?" मी म्हणाले, "असं काही नसतं आई," आणि वॉर्डची बेल वाजते आहे असं सांगून फोन ठेवला. बेल वाजली नव्हती. दोन दिवस ते डोक्यात घेऊन फिरते आहे. फोनवर तू रडलीस की मी रडते, मग दादा फोन काढून घेतो आणि पाणीपट्टीचं बोलतो. म्हणून कागद. बेबी, मोठ्याने वाच. आई रडली तर थांब, पण मधलं गाळू नकोस. तू शाळेत धडा वाचतानासुद्धा अवघड परिच्छेद गाळायचीस, मला माहीत आहे.

उत्तराकडे येते. त्याआधी इथली एक रीत सांगते. मरणाचीच आहे, पण ऐक.

आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची आई मार्चच्या दोन तारखेला वारली. मी म्हटलं, आता या आठवडाभर येणार नाहीत. त्या बुधवारी कामावर हजर! मला वाटलं, दफन उरकून आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "छे, ते चोवीस तारखेला आहे." बावीस दिवसांनी! आपल्याकडे सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळच्या आत माती देतात, फार तर लांबच्या मुलासाठी रात्रभर बर्फावर ठेवतात. इथे दोन-तीन आठवडे हे अगदी नेहमीचं. त्याचं असं असतं: आधी डॉक्टर कारणाचा दाखला लिहिणार. तो दुसरा एक स्वतंत्र डॉक्टर तपासणार, गेल्या सप्टेंबरपासून सगळ्याच मृत्यूंना हे सक्तीचं झालं आहे. मग पाच दिवसांच्या आत कचेरीत नोंद. त्याचीसुद्धा वेळ आधी मागून घ्यावी लागते. मग अंत्यविधी करणाऱ्या दुकानात जायचं. हो, दुकानच, रस्त्यावर काचेची खिडकी आणि आत फुलदाणी. मृतदेह त्यांच्याकडे थंड खोलीत राहतो. मग व्हिकरबाईंची, म्हणजे पाळकबाईंची, डायरी बघायची, स्मशानात तारीख मिळते का बघायचं. आणि आई, घाबरू नकोस, बहुतेक लोक दहनच करतात, ख्रिस्ती असले तरी. आपल्या मंडळीची दफनभूमीच्या भिंतीवरून इतकी वर्षं चाललेली भांडणं मी इथे कुणाला सांगितली तर त्यांना कळणारही नाहीत.

या बावीस दिवसांत घरी कोणी येत नाही. आपल्याकडे पप्पा गेले त्या रात्री अंगणात पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, शेजारणीने पिठलं-भाकरीची परात आणली, पाळकसाहेब पहाटेपर्यंत बसले. इथे टपालाने कार्डं येतात. वर पांढरी फुलं, आत दोन ओळी. ती कार्डं खिडकीच्या फळीवर ओळीने उभी करून ठेवतात, नाताळची ठेवतात तशी. मी विचारलं, भेटायला का नाही जायचं? तर म्हणे, त्यांना एकांत लागतो, न विचारता गेलं तर बरं दिसत नाही.

चोवीस तारखेला मी गेले. पांढरी साडी काढून ठेवली होती, तर निरोप आला, रंगीत कपडे घाला, आईला पिवळा रंग आवडायचा. मी तुझी ती आंब्याच्या रंगाची ओढणी घेतली. प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका, वर म्हातारीचा तरुणपणीचा सायकलवरचा फोटो. अर्ध्या तासात सगळं उरकलं, कारण बाहेर पुढची गाडी उभी होती. मुलाने आईच्या गमती सांगितल्या, लोक हसले. हसले म्हणजे खरंच हसले. मोठ्याने कोणीही रडलं नाही. मग हॉलमध्ये चहा आणि कडा कापलेली अंड्याची सँडविचेस, आणि जो तो म्हणतो, "किती छान झालं, तिला आवडलं असतं." मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. त्या म्हातारीला मी एकदाच पाहिलं होतं. मी तिच्यासाठी रडत नव्हते.

बावीस दिवस, आई. मला तीन पुरले असते.

आता त्या शुक्रवारचं सांगते, सतरा जानेवारीचं, पप्पांच्या मातीचं. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. तिकडे दुपारचे चार, इथे सकाळचे साडेदहा. मोठ्या सिस्टरने मला स्टाफच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. चुलतभावाने व्हिडिओ लावला होता, पण बिचाऱ्याचा हात वर धरून भरून आला असेल. मला दिसत होतं ते आभाळ, निंबाची एक फांदी आणि दादाच्या पांढऱ्या शर्टाचा खांदा. गाणं ऐकू येत होतं तुटक तुटक. पाळकसाहेब "मातीला माती" म्हणाले, पहिली ढेकळं पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. परत लागलाच नाही.

तेवढ्यात दवाखान्याच्या चॅप्लिनबाई आत आल्या. इथे प्रत्येक मोठ्या दवाखान्यात चॅप्लिन असतात, म्हणजे दवाखान्याचे पाळकच म्हणा. साठीच्या असतील, गुडघ्यांचा त्रास आहे. मला वाटलं, आता वचन काढतील. मी मनातल्या मनात दात आवळले. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. बस्स. पवित्र शास्त्र काढलं नाही, हात डोक्यावर ठेवला नाही, देवाची योजना वगैरे काही नाही. पाऊण तास बसल्या. चहा आणला होता त्यावर साय धरली. उठताना म्हणाल्या, उद्या येते. आणि आल्या.

नंतर मला शब्बाथ शाळेतला ईयोब आठवला. पप्पांनीच शिकवला होता, ओट्यावर, तुम्हाला आठवत असेल, दादाने तेव्हा ईयोबाच्या फोडांचं चित्र काढून मार खाल्ला होता. ईयोबाचे तीन मित्र येतात, त्याची दशा बघून कपडे फाडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द कोणी बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. त्या मित्रांनी अख्ख्या पुस्तकात केलेलं एकच शहाणपणाचं काम ते. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तुझंच काही चुकलं असेल, पाप कबूल कर, देव उगीच कोणाला मारत नाही. मग पुढचे कित्येक अध्याय हेच.

वहिनीने मला सांगितलं आहे घरच्या प्रार्थनासभेत कोण काय बोललं ते. नाव लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि वयाने मोठं माणूस आहे. "विश्वास पक्का असता तर किडनी बरी झाली असती." चौदा महिने आठवड्यातून दोनदा पप्पांना डायलिसिसला रिक्षाने घेऊन जाणाऱ्या बाईला हे सांगायचं! आणि तू ते ऐकून घेतलंस आणि चहा दिलास. म्हणून आई, नीट ऐक. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात देव रागावतो, पण कोणावर? रडणाऱ्या, भांडणाऱ्या, देवाला कोर्टात ओढू पाहणाऱ्या ईयोबावर नाही. रागावतो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं म्हणतो. आणि त्या मित्रांसाठी प्रार्थना कोणी करायची? ईयोबानेच. तेव्हा तुला वाटलं तर तू त्या मोठ्या माणसासाठी प्रार्थना कर. मला अजून जमत नाही.

तू कमी पडली नाहीस. प्रार्थना म्हणजे काही रेशनचं दुकान नाही, की कार्डावर शिक्का कमी पडला म्हणून धान्य मिळालं नाही.

आणि ते दुसरं, "आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये" म्हणून तुला गप्प करतात, तेही अर्धंच वाचतात. पौलाने शोक करू नका असं म्हटलेलं नाही. तसा करू नका म्हटलं आहे. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. पाच मिनिटांनी हसायची वेळ येणार होती, तरी. मग तू का नाही रडायचंस? आणि त्या गोष्टीतला चार दिवसांचा उशीर मला फार जवळचा वाटायला लागला आहे. मार्था त्याला गावाबाहेर गाठून सरळ म्हणते, प्रभूजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मी सोमवारी रात्री दारात रिक्षातून उतरले तेव्हा तू तसं काही म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "हातपाय धू, पिठलं गरम करते." म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.

वाँटेजला जाऊन आले. हे पप्पांना सांगायचं होतं.

२०२२ मध्ये माझं ऑक्सफर्डचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी विद्यापीठाचं कौतुक केलं. पप्पा एवढंच म्हणाले, "तिथून वाँटेज जवळ आहे. पंडिता रमाबाई तिथे होत्या. जाऊन ये." पुढे दर दोन महिन्यांनी विचारायचे, गेलीस का? मी म्हणायची, थंडी आहे. मग ड्यूटी आहे. मग पाऊस आहे. तासाभराची बस आहे हो. तीन वर्षांत तासभर मिळाला नाही. मार्चमध्ये एका सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसले तेव्हा विचारणारं कोणी राहिलं नव्हतं.

गाव अगदी छोटं. चौकात एका राजाचा पुतळा, हातात कुऱ्हाड आणि गुंडाळलेला कागद. आल्फ्रेड म्हणून हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा राजा, त्या गावात जन्मलेला. पुतळा १८७७ मधला. म्हणजे रमाबाईंनी तो पाहिला असणार. मी त्याच्या चौथऱ्यावर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि हिशोब केला. पप्पा फळ्यावर करायचे तसाच. दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली, पायी पायी देश फिरताना. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. इंग्लंडला येताना सोबत आनंदीबाई भगत होती, तिने इथे आल्यावर काही महिन्यांतच स्वतःचा जीव घेतला. आणि २९ सप्टेंबर १८८३ ला याच गावात रमाबाईंचा आणि त्यांच्या छोट्या लेकीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वय पंचवीस! आपल्या बेबीपेक्षा दोन वर्षांनी लहान. डॉक्टर व्हायचं होतं, तर कानांनी दगा दिला, ऐकू कमी यायला लागलं.

लहानपणी मला वाटायचं, बाप्तिस्मा झाला आणि सगळं छान झालं. शब्बाथ शाळेत असंच सांगतात. पण बाई बाप्तिस्म्यानंतरही इथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून किती भांडल्या आहेत! हे का मानायचं, ते कुठे लिहिलं आहे, तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही. मांस खाल्लं नाही ते नाहीच. देवावर विश्वास ठेवला पण प्रश्न खाली ठेवले नाहीत. पप्पांना त्या का आवडायच्या ते मला तिथे चौथऱ्यावर कळलं.

आणि पुढे केडगाव. (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं. इथे एका मराठी मैत्रिणीला सांगताना अर्धा तास हाच घोळ.) १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि पोरींना घेऊन आल्या. त्यांतलीच एक पप्पांची आजी. मी तिला पाहिलं नाही, पण पप्पा सांगायचे, ऐंशीच्या घरात गेल्यावरही ती रोज रात्री भाकरीचा चतकोर लुगड्याच्या पदरात बांधून उशाखाली ठेवायची. सकाळी तो वाळलेला तुकडा कोंबड्यांना. रात्री परत नवा. घरात ज्वारीचं पोतं भरलेलं असताना. कोणी हसलं तर म्हणायची, "तुला नाही कळायचं."

आता कोणी म्हणेल, बघा, रमाबाईंनी स्वतः दुष्काळ सोसला म्हणूनच त्यांना त्या पोरी दिसल्या, म्हणजे देवाने तो दुष्काळ त्यासाठीच पाठवला. असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पणजीने तर त्याला उशाखालची भाकरी फेकून मारली असती. दुष्काळ तो दुष्काळच. चांगला नव्हता आणि कधी होणार नाही. पण उपाशी राहिलेल्या एका बाईने त्याच उपासाच्या आठवणीने बैलगाड्या जोडल्या आणि आपली पणजी जगली, म्हणून तू मला हाक मारतेस. मी त्या गावच्या देवळात मागच्या बाकावर बराच वेळ बसले. पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली. हो आई, त्याआधीचे सात आठवडे जमत नव्हती. फोनवर "केली" म्हणायचे ते खोटं होतं. आता बरं आहे.

प्रार्थना म्हणजे काय, मी म्हटलं, "पप्पा, आले बघा." ती देवाशी बोललेली धरतात की नाही, पाळकसाहेबांना विचार.

उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, दादाचं बोलणं मी ऐकलं. बेबीने रेकॉर्ड करून पाठवलं होतं, पंख्याचा आवाज फार आहे, तरी तीनदा ऐकलं. दादा, तू मध्ये थांबलास, पाणी मागितलंस आणि मग पुढचं काहीच न बोलता फक्त वचन वाचून खाली बसलास. तुला वाटतंय तू फजिती केलीस. मला वाटतं, चौथा शब्द असाच असतो.

येशू वधस्तंभावरून जी सात वाक्यं बोलला ते सात शब्द मंडळीतले सात जण वाटून घेतात. पहिला क्षमेचा सगळ्यांना हवा असतो, दुसऱ्याला चोर असल्यामुळे गोष्ट रंगवता येते, तिसरा आईचा म्हणून बायकांना देतात. चौथा कोणालाच नको असायचा. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? यावर तीन तासांच्या उपासनेत, एप्रिलच्या उन्हात उभं राहून बोलणार काय? म्हणून तो पप्पांच्या गळ्यात पडला आणि तीस वर्षं राहिला. मी जानेवारीत येताना त्यांच्या निळ्या वहीचे फोटो काढून आणले आहेत. (वही पेटीतच आहे, आई, मी नेली नाही.) दरवर्षी एक पान, वर साल, खाली मुद्दे, "का" या शब्दाखाली शाईची दुहेरी रेघ. एके वर्षी लिहिलं आहे, सातांपैकी हा एकच शब्द दोन शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि मार्क, बाकी प्रत्येक एकेकातच. म्हणजे मंडळीला हा विसरता आला नाही. दुसऱ्या एका वर्षी, हे स्तोत्र बावीसचं पहिलं वाक्य आहे, येशू मरताना आईच्या मांडीवर पाठ केलेलं म्हणत होता. आणि ते त्यांचं ठरलेलं, "आपण मयताला तेवीस वाचतो आणि बावीस वगळतो." मला त्या वाक्याचा कंटाळा यायचा. दरवर्षी तेच. मी मागे बसून वहिनीच्या बांगड्या मोजायचे.

२०२४ च्या पानावर मुद्दे नाहीत. डायलिसिस सुरू होऊन पाच महिने झाले होते. अक्षर कापरं आहे. एवढंच लिहिलं आहे: "यंदा भाषण नको. खुर्चीत बसून वाचणार."

आई, तू विचारलंस त्याचं माझ्याकडे उत्तर आहे ते हेच पान. पप्पांनी आजारात कधी विचारलं नाही, माझ्याच वाट्याला का. म्हणून लोक म्हणाले, केवढा विश्वास. पण ते तीस वर्षं दर उन्हाळ्यात भर मंडळीत उभं राहून तेच विचारत होते, आणि स्वतःचा प्रश्न स्वतःच्या एकट्याचा नाही, वधस्तंभावरच्याचाही तोच आहे, हे त्यांना पाठ झालं होतं. मला त्यातून काही कळलं असेल तर इतकंच की देवाने त्या दुपारी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे दगड सरकवला. मधला शनिवार कसा काढायचा ते कोणी सांगत नाही. आपण सध्या शनिवारात आहोत. तू ईस्टरला पहाटे बायकांबरोबर मेणबत्ती घेऊन दफनभूमीत गेलीस हे ऐकून मी इथे रात्रपाळीहून परतताना बसमध्येच गाणं पुटपुटले. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

आता तुमच्या बाकीच्या काळज्या.

स्विंडनच्या त्या ओळखीच्यांनी कळवलं म्हणे, मी दर रविवारी चर्चला दिसत नाही. दर रविवारी मी कशी दिसेन? महिन्यातले दोन रविवार ड्यूटी असते. आणि ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या चर्चला जातात! मी माझ्या रस्त्याच्या टोकाच्या देवळात जाते. वीसेक माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, गाणी इतकी हळू म्हणतात की मध्ये झोप लागावी. पण मी तीन आठवडे दिसले नाही तर एक आजोबा दारावर भोपळ्याचं सूप ठेवून गेले. न विचारता. या देशात ही मोठी गोष्ट आहे, वर लिहिलं ते आठव.

मरणाऱ्यांच्या वॉर्डात काम करून मन कठोर होईल, असं मावशी म्हणाली. नाही होत. उलट पप्पांच्या पायाला मी तेल लावलं नाही ते इथल्या म्हाताऱ्यांच्या पायांना क्रीम लावताना दर वेळी आठवतं. बदली मागणार नाही. मावशीला सांगताना शेवटचं वाक्य वगळलंस तरी चालेल.

पैशांचं. दादाच्या खात्यात या महिन्यात पासष्ट हजार आले असतील. त्यातले वीस पतसंस्थेच्या हप्त्याचे, दोन महिन्यांचे एकदम भर, वसुलीवाल्याने पुन्हा घरी यायला नको. दहा आईचे, आणि ते आईच्याच हातात द्यायचे. उरलेले पप्पांच्या कबरेच्या दगडाचे. कारागीर अडतीस हजार सांगतो आहे तर पस्तीसला होईल, नाही झालं तर अडतीस दे, घासाघीस करू नका. काळाच घ्या, पांढऱ्यावर शेवाळ धरतं.

आणखी एक लिहायचं आहे. मी सांगितलं होतं, शनिवारचं तिकीटच मिळालं नाही. मिळत होतं. एक लाख पंचवीस होतं. रविवारचं बासष्टला होतं. मी विचार केला, माती तर झालीच आहे, एका दिवसाने काय फरक पडतो, त्रेसष्ट हजारांत बेबीच्या लग्नाचा हॉल होईल. हिशोब बरोबर होता. पप्पा म्हणाले होते नाताळला ये, आणि मी म्हणाले होते ईस्टरला येते, नाताळात जादा पाळ्यांचे पैसे चांगले मिळतात. तोही हिशोब बरोबरच होता.

बेबीचं. जालन्याच्या मुलाचा फोटो पाहिला. कान जरा मोठे आहेत, बाकी चांगला वाटतो. व्हिडिओवर मला एकदा त्याच्याशी बोलू द्या, मी नोकरीचं विचारणार नाही, एवढंच बघेन की बेबी बोलताना तो मध्ये तोडतो का. वर्षाच्या आत लग्न नको म्हणणाऱ्यांना सांगा, पप्पांनी आजीच्या वेळी चौथ्या महिन्यात आत्याचं लग्न लावलं होतं. डिसेंबर धरा. मंडळीत तीन रविवार नावं वाचतील तेव्हा मला फोन लावून बाकावर ठेवा, मला ऐकायचं आहे. आणि मोठी का राहिली म्हणून त्यांनी विचारलं तर परदेशात असते म्हणा. खोटं नाही ते.

माझं विचारलं आहेस म्हणून सांगते, आणि आई, पत्र टाकून लगेच फोनकडे धावू नकोस. एक आहे. इथेच फिजिओथेरपीत आहे. केरळातल्या कोट्टयमचा, मार्थोमा मंडळीचा. म्हणजे ख्रिस्तीच, आपल्यापेक्षाही जुने ख्रिस्ती आहेत ते, हे तो दर भेटीत ऐकवतो. भाकरी त्याला जमत नाही, ज्वारीची खाल्ली आणि विचारलं, ही पाण्याबरोबर गिळायची असते का. काही ठरलेलं नाही. पप्पांना मी डिसेंबरमध्ये सांगितलं होतं. ते म्हणाले, "आईला तू सांग, माझ्यावर ढकलू नकोस."

डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. दहा तारखेला निघते. या वेळी महाग होतं तरी काढलं.

सर्वांना पुन्हा सलाम. दादाच्या पोरांना पापे.

तुमची,
रूथ

ता.क. दादा, दगडावर कोरायच्या आधी मजकुराचा फोटो मला पाठव, न विसरता. आजीच्या दगडावर त्या कारागिराने "प्रभुमधे विसावली" कोरून ठेवलं आणि पप्पा वीस वर्षं दर ईस्टरला तिथे उभं राहून आधी प्रार्थना करायचे आणि मग म्हणायचे, "भू दीर्घ हवा होता, आणि मध्ये." त्यांच्या दगडावर तसं झालेलं चालणार नाही. भू दीर्घ. मध्ये. मी कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, तेवढा तुकडा कापून कारागिराला दे.